'सुसाइड क्लब': गोड गाण्याची भीती, की पैसे नसल्याची सबब?

शहापूरकर

मागच्या रविवारी आम्ही काही जणांनी बेळगावात हिंदवाडीत 'सुसाइड क्लब' हा जपानी चित्रपट बघितला आणि तिथंच जुंपली. तो वाद इथं आणतोय, कारण पुढच्या महिन्यात कॉलेजच्या पोरांसाठी दिवसभर भयपट दाखवायचं चाललंय आणि त्यात हा असावा असं माझं ठाम मत आहे. खाली शेवटही सांगितलाय, तेव्हा ज्यांना बघायचाय त्यांनी आधी बघून या.

साल २००१, दिग्दर्शक सिओन सोनो. टोकियोच्या शिंजुकू स्टेशनवर शाळेच्या गणवेशातल्या ५४ मुली एकमेकींचे हात धरून एकाच वेळी जीव देतात. मग ते लोण शहरभर पसरतं. पोलीस टोळी शोधतात, वेबसाइट धुंडाळतात, कुणीतरी माथेफिरू असणार म्हणून त्याच्या मागं लागतात. आणि या सगळ्या काळात घराघरातल्या टीव्हीवर कोवळ्या वयाच्या मुलींचा एक पॉप ग्रुप गात असतो. ग्रुपचं नाव 'डेझर्ट'. मला मेल कर, लवकर कर, अशा अर्थाचं हसतखेळत म्हटलेलं गाणं. त्यांचा कुणाला संशय येत नाही. मित्सुको नावाच्या मुलीला त्यांच्या पोस्टरमधल्या आकड्यांचा आणि फोनच्या कीपॅडचा मेळ लागतो तोवर फार उशीर झालेला असतो.

चित्रपटाचा खर्च अडीच लाख डॉलरच्या आसपास सांगतात, म्हणजे तेव्हाच्या दरानं सव्वा कोटी रुपयेही नाहीत. तेवढ्यात राक्षस उभा राहत नाही, शहर पेटवता येत नाही. गाणं मात्र करता येतं. आणि ते गाणं खरोखर चांगलं आहे, इथंच माझा मुद्दा आहे. ते बेसूर, भेसूर केलं असतं तर आपण पहिल्या मिनिटाला सावध झालो असतो. इथं इन्स्पेक्टर कुरोदाच्या स्वतःच्या घरात, त्याच्या मुलांच्या समोर, ते चालू आहे आणि दिवसभर प्रेतं बघून आलेल्या त्या माणसाला ते ऐकूच येत नाही. चित्रपट संपल्यावर आमच्यातला एक जण चपला घालताना तीच चाल गुणगुणत होता. माझ्या अंगावर काटा आला तो तिथं, रक्त बघून नाही.

गणपत गल्ली

मी तिथंच होतो आणि तिथंच सांगितलो होतो, आता लिहून सांगतो. भूत दाखवायला पैसे नव्हते म्हणून भूत दाखवलं नाही, आणि आपण त्याला कला म्हणून डोक्यावर घेतलोय. ते जेनेसिस नावाचं पात्र मध्येच येतंय, जमिनीखालच्या बोलिंगच्या हॉलात बसून गाणं म्हणतंय, पोलीस धरून नेतात, विषय संपला. माणसांच्या कातड्याचे तुकडे शिवून केलेली गुंडाळी पोलिसांना सापडते, ती कोण करतंय, कशाला करतंय? कुरोदासारखा चांगला उभा केलेला माणूस अर्ध्यातनं काढून टाकला. ग्रुपच्या मागं कोण हाय ते शेवटपर्यंत नाही. धागे सोडून द्यायला पैसे लागत नाहीत, ते गुंफायला पण लागत नाहीत. हे लिहिणाऱ्याचं काम.

आमच्या घरात १९७९ चा 'ना निन्न बिडलारे' हा कन्नड पिक्चर अजून निघतोय बोलण्यात. अनंत नागचा. कन्नड नीट न येणारी आमची आजी पण तो बघून घाबरली होती. तिथं अंगात कोण आलंय, कशासाठी आलंय, सुटका कुठं, सगळं कळतंय. आंध्रातल्या मंत्रालय या क्षेत्राला राघवेंद्र स्वामींच्या पायाशी जाऊन गोष्ट पुरी होते. रात्री झोप उडाली ती उडाली, पण पिक्चर कळला होता की.

आणि भीती गाण्यातच हाय म्हणता, मग बादल्या भरून रक्त कशाला ओतलंय? ते पण खोटं दिसतंय.

शहापूरकर

रक्ताचं तुमचं खरं, ते निम्मं असतं तरी चाललं असतं. पण जेनेसिसचं नाही पटत. तो मला चित्रपटातला सगळ्यात चोख भाग वाटतो. लोकांना खलनायक हवा असतो आणि तो खलनायकासारखा दिसायला हवा असतो: रंगवलेला चेहरा, अंधारी खोली, मोठ्यानं बोलणं. जेनेसिस तसा आहे, शिवाय त्याला प्रसिद्धी हवी आहे, म्हणून तो 'मीच तो' म्हणतो. पोलिसांना आणि टीव्हीवाल्यांना हायसं वाटतं. आणि गाणं चालूच राहतं. हा धागा सुटलेला नाही, लोक चुकीच्या माणसाला धरून कसे निश्चिंत होतात ते दाखवायला तो तसाच ठेवलाय.

सोनो मुळात कवी. चित्रपटांत नाव होण्याआधी, १९९० च्या दशकात त्यानं 'टोकियो गागागा' नावानं माणसं जमवून थेट रस्त्यावर कविता वाचल्या होत्या. गर्दी एका सुरात आली की काय होतं हे त्यानं गर्दीत उभं राहून बघितलेलं आहे.

वडगावचा साउंडवाला

मी डॉल्बी लावतो, गणपतीत आणि लग्नात. चित्रपटातलं मला फार कळत नाही, आवाजातलं कळतं. या चर्चेमुळं ते गाणं हेडफोनवर परत परत ऐकलो.

आमच्या डॉल्बीचा जोर खालच्या आवाजात असतो. छातीवर धडका बसतात, खिडक्यांच्या काचा थरथरतात, म्हातारी माणसं दार लावून घेतात. म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं की आपल्यावर काहीतरी चाललंय. या गाण्यात तो भाग जवळजवळ नाहीच. सगळं वरच्या पट्टीत, हलकं, लख्ख. ओळ लहान, परत तीच ओळ, परत तीच. आणि सगळ्या मुली एका सुरात गातात. एकीचा आवाज जाड, एकीचा बारीक, एक जरा मागं राहिली, असं काही कानाला सापडत नाही. कोण गातंय हे सांगताच येत नाही. अशा गाण्याला कोण दार लावून घेणार? लहान पोरगं झोपलेल्या खोलीत पण ते चालू राहील.

म्हणून शहापूरकर बरोबर बोलतोय असं मला वाटतं. मोठ्या आवाजापासून माणूस लांब सरकतो, ह्याच्यापासून सरकत नाही.

नंदगडचा टाळकरी

साउंडवाले दादा, एका सुरात गाण्याला एवढं वाईट ठरवू नका. आमच्या खानापूर तालुक्यात गावोगावी भजनी मंडळं आहेत. तिथं तीस-तीस माणसं एका सुरात म्हणतात, तीच ओळ परत परत म्हणतात, माणूस स्वतःला विसरतो आणि त्यासाठीच तो तिथं बसलेला असतो. मग आम्ही पण त्या डेझर्टच्या पंगतीला का?

फरक मला असा दिसतो. आमच्यात पखवाज कोण वाजवतंय ते ठाऊक असतं. चाल कुणी धरली, कुणाचा आवाज फाटला, कोण नुसतंच ओठ हलवतंय, सगळं समोर दिसतं. अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' किंवा 'नामा म्हणे' येतं, म्हणजे बोलणारा आपलं नाव सांगून बोलतो. न पटलं तर उठून विचारता येतं, आणि आमच्याकडं विचारणारे आहेत. त्या टीव्हीतल्या ग्रुपला कोण विचारणार? चित्रपटाला एका सुराची भीती नाही, बिननावाच्या सुराची आहे, असं मी म्हणेन. तेवढं धरून चित्रपट मला चांगला वाटला.

निपाणीच्या बाई

तुम्ही सगळे गाण्यावर बोलताय आणि चित्रपट कशावर आहे ते बाजूला राहतंय. मी बारावीच्या वर्गाला शिकवते. निकालाच्या दिवसांत आमचा जीव टांगणीला लागलेला असतो. कोणतं मूल घरी गेलं, कोणतं गेलं नाही, हे आम्ही फोन करून विचारतो.

जपानमध्ये १९९८ साली आत्महत्यांचा आकडा एका वर्षात ३०,००० च्या वर गेला आणि पुढं २०११ पर्यंत खाली आला नाही. हा चित्रपट त्या काळातला आहे, त्या समाजाच्या जखमेतून आलेला आहे, हे मला मान्य आहे. दिग्दर्शकाच्या मनात खोट असेल असं मी म्हणत नाही. पण अशा मृत्यूबद्दल बातमी कशी द्यावी यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं पत्रकारांना सांगून ठेवलंय की पद्धत दाखवू नका, सनसनाटी करू नका, एकच कारण चिकटवू नका, आणि मदत कुठं मिळेल ते सांगा. या चित्रपटाचा पहिला प्रसंग त्यातली एकही गोष्ट पाळत नाही. मुली हसत, हात धरून, एका ओळीत. एकटं पडलेल्या मुलाला त्यात सोबत दिसते, आणि सोबतीचीच त्याला भूक असते.

शहापूरकर, तुम्ही म्हणाल शेवट बघा. बघितला मी. मित्सुको पडद्यामागच्या काही लहान मुलांच्या प्रश्नांना सामोरी जाते, प्लॅटफॉर्मवर तरुण पोलीस तिचा हात धरतो, ती हात सोडवून घेते आणि सरळ गाडीत चढते. ती जगते. तिकडं डेझर्ट ग्रुप बंद होत असल्याचं सांगून शेवटचं गाणं म्हणतो. शेवट खरंच जगण्याच्या बाजूचा आहे. पण पोरांच्या मोबाइलवर शेवट फिरत नाही, पहिला प्रसंग फिरतो. मधल्या दीड तासाशिवाय तो प्रसंग काय करतो याचा विचार करा. कॉलेजच्या सभागृहात हा नको.

शहापूरकर

बाई, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडं पुरतं उत्तर नाही, पण जेवढं आहे ते सांगतो. पोरं तो तुकडा मोबाइलवर बघतच आहेत, आणि एकटीच बघतायत. सभागृहात निदान शेवटापर्यंत बसतील, शेजारी कुणीतरी असेल, नंतर बोलणं होईल. न दाखवल्यानं तो तुकडा थांबत नाही, फक्त शेवट त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

हिंदवाडी प्लेलिस्ट

मी बी.कॉम.ला आहे आणि ज्या 'पोरांसाठी' हे ठरतंय त्यातली एक आहे. कोरियन पॉप ऐकते, शाळेपासून ऐकते. आता माझं ऐका.

मुलींचा पॉप ग्रुप आणि त्याच्या मागं लपलेला सैतान, ही कल्पना मला भीतीदायक वाटत नाही, ओळखीची वाटते. घरी नातेवाईक हेच म्हणतात. मेंढरं आहेत, वेड लागलंय, कुणीतरी डोकं फिरवलंय. गिटार घेतलेला दाढीवाला गायला की तो कलाकार, त्याचे चाहते रसिक. मुलींना आवडणारं गोड, चकचकीत काही आलं की लगेच त्यात विष शोधायचं. २००१ साली एका दिग्दर्शकानं तेच केलं आणि तुम्ही त्याला खोल म्हणताय.

त्या काळच्या जपानमध्ये खरं काय चाललं होतं ते पण बघा. १९९७ मध्ये 'मॉर्निंग मुसुमे' हा ग्रुप एका टीव्ही कार्यक्रमातल्या स्पर्धेत हरलेल्या मुलींमधून निघाला. त्यांना अट घातली होती: पाच दिवसांत ५०,००० सीडी विका, तर पुढं जाल. त्या मुली समोर उभ्या राहून विकत होत्या आणि लोकांनी रांगा लावून घेतल्या. यात कुणी कुणाला नादी लावलं? दडपण कुणावर होतं? त्या मुलींवर. अट घालणारे मोठे लोक होते. २०२० मध्ये 'बीटीएस' या कोरियन ग्रुपनं आणि त्यांच्या कंपनीनं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या आंदोलनाला दहा लाख डॉलर दिले, तर चाहत्यांनी दोनेक दिवसांत तेवढेच आणखी गोळा केले. मेंढरं असं करतात का?

ग्रुपच्या मागं कोण ते दाखवलं नाही, ही तुम्हाला हुशारी वाटते. मला ती पळवाट वाटते. मागचा माणूस दिसला नाही की पडद्यावर उरतात फक्त त्या लहान मुली. दोष त्यांच्यावर जातो.

वडगावचा साउंडवाला

ताई, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ते गाणं कुणीतरी बसून लिहिलंय, कुणीतरी मिक्स केलंय. आमच्या धंद्यात पण पोलीस येतात ते ट्रॉलीवरच्या पोराकडं. रात्री उशिरापर्यंत वाजव म्हणून पैसे देणारा तिथं नसतोच.

गणपत गल्ली

हेच मी पहिल्यापासून सांगालोय. मागं कोण हाय ते सांगा. ह्या पोरीनं ते माझ्यापेक्षा नीट सांगितलं.

शहापूरकर

प्लेलिस्ट, तू त्या मुलींच्या बाजूनं बोलतेस आणि मला वाटतं चित्रपटही त्यांच्या बाजूला आहे. त्यांना कुठंही दुष्ट दाखवलेलं नाही. शेवटी त्या आभार मानतात आणि निघून जातात. मागचा माणूस दाखवला असता तर तो दुसरा जेनेसिस झाला असता, आपण त्याला धरून पुन्हा निश्चिंत झालो असतो. पण तुझ्या वयाची मुलगी हा चित्रपट बघून अपमान झाल्यासारखी उठते, हे मी विचारात घेतलं नव्हतं. पोरांसमोर हे तूच बोलावंस.

हिंदवाडी प्लेलिस्ट

बोलेन. पण चित्रपटाच्या आधी, नंतर नाही. नंतर सगळे चहाला पळतात.

निपाणीच्या बाई

माझा विरोध कायम आहे. तरी लावणारच असाल तर एवढं करा. अठरा वर्षांखालचं कुणी आत नको. विषय काय आहे ते दारावर आणि सुरू करण्याआधी, दोन्हीकडे सांगा, म्हणजे ज्याला उठायचंय तो लाज न वाटता उठेल. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पडद्यावर ठेवा. तो फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं. नंतरच्या चर्चेला समुपदेशन करणारं कुणीतरी हवं, आपण हौशी लोक पुरे नाही. आणि तारीख परीक्षेच्या किंवा निकालाच्या आठवड्यात धरू नका.

शहापूरकर

बाई, सगळं मान्य. समुपदेशक मिळाल्या नाहीत तर हा लावणार नाही, दुसरा लावू.

गणपत गल्ली

दुसरा म्हणजे कुठला ते आत्ताच ठरवा. माझं मत अनंत नागला.