पायाच्या बंद रक्तवाहिनीवर फुले जन आरोग्य योजनेतून उपचार : व्हॅस्क्युलर सर्जन कुठे मिळेल?

चोपडेकर
माझे वडील, आमचे आप्पा, ६४ वर्षांचे आहेत. मधुमेह १४ वर्षांपासूनचा, आणि बिडी आत्ता डॉक्टरांनी दटावल्यावर सुटली. वर्षभरापासून बांधापर्यंत चालले तरी पोटरीत गोळा येऊन त्यांना थांबावे लागते. गेल्या महिन्यापासून ते रात्री झोपेतून उठतात आणि डावा पाय खाटेखाली लोंबता सोडून बसून राहतात, कारण तसे केल्यावरच ठणका थोडा कमी होतो. आता अंगठ्याशेजारच्या बोटाचे टोक काळे पडले आहे. जळगावला डॉप्लर (रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) केला असता मांडीतली धमनी गुडघ्याच्या वर बंद असल्याचे निघाले आणि व्हॅस्क्युलर सर्जनला (रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाला) दाखवण्यास सांगण्यात आले. आमची शिधापत्रिका केशरी आहे. एका खासगी रुग्णालयाने फोनवर ‘योजना चालते’ असे सांगितले, म्हणून गाडी करून गेलो. तिथे पोहोचल्यावर कळले की योजना त्यांच्याकडे फक्त किडनीच्या आणि हाडांच्या उपचारांसाठी आहे. योजनेतून हे उपचार करणारा सर्जन नेमका कसा शोधावा?

आरोग्यमित्र_धुळे
दादा, तुमची फसगत प्रश्न विचारण्याच्या पद्धतीमुळे झाली, आणि ती रोज कुणाची ना कुणाची होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डॉक्टर नव्हे, तर रुग्णालय अंगीकृत होते, म्हणजे योजनेशी जोडले जाते, आणि तेही एकेका विशेष शाखेपुरते. त्यामुळे ‘योजना चालते का’ याचे उत्तर ‘हो’ असले, तरी ते तुमच्या कामाचे असेलच असे नाही. पायाच्या धमनीची बायपास (बंद भागाला वळसा देऊन रक्ताला नवी वाट करणारी) किंवा गुठळी काढण्याची शस्त्रक्रिया बहुधा हृदय व छातीच्या शस्त्रक्रियांच्या गटात, म्हणजे ज्याला सगळे सीव्हीटीएस म्हणतात त्यात सापडते. ‘व्हॅस्क्युलर’ हा शब्द यादीत शोधत बसलात, तर रुग्णालय असूनही दिसणार नाही. १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या निःशुल्क क्रमांकांवर फोन करून आजाराचे नाव सांगा आणि त्या शाखेसाठी अंगीकृत असलेली नाशिक व छत्रपती संभाजीनगरची रुग्णालये विचारा. मग त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचे काम पाहणाऱ्या माणसाला, गाठून दोनच गोष्टी पक्क्या करा: ही प्रक्रिया तुमच्याकडे योजनेतून होते का, आणि सर्जन कोणत्या वारी येतात. सर्जन पूर्णवेळ नसतील, तर चुकीच्या वारी गेल्यास पुन्हा हेलपाटा ठरलेला.

आणखी एक, कारण मंजुरी बहुतेक वेळा इथेच अडते. शिधापत्रिकेवर ‘सुकदेव’ आणि आधारवर ‘सुखदेव’ असे असेल, तर ते निघण्यापूर्वी तपासा. दुरुस्तीसाठी रुग्णाला खाटेवर ठेवून तहसील कचेरीत धावणारे नातेवाईक मी पुष्कळ पाहिले आहेत. संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे आहे, तेव्हा रकमेची चिंता त्या मानाने कमी.

शल्यचिकित्सक_भुसावळ
पाय लोंबता ठेवल्यावर आराम पडणे आणि बोट काळे होणे, ही दोन्ही लक्षणे एकत्र असतील तर महिनाभर सर्जन शोधत बसण्याइतका अवधी नाही. आठवड्याच्या आत दाखवा. तोपर्यंत कुणी काळे बोट कापून टाकण्याची घाई करत असेल, तर आधी रक्तपुरवठ्याचे काय, असे विचारा. वरून रक्तच येत नसेल, तर कापलेली जखम भरत नाही आणि मग आणखी वर कापावे लागते. मधुमेहात पायाची संवेदना बरेचदा गेलेली असते, म्हणून वीट तापवून किंवा गरम पाण्याने शेक मुळीच देऊ नका. त्याने भाजलेले पाय दर हिवाळ्यात माझ्याकडे येतात. बोट कोरडे ठेवा.

जाण्यापूर्वी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या, कारण सीटी अँजिओग्राफीतल्या (रक्तवाहिन्यांचे चित्र काढणाऱ्या तपासणीतल्या) औषधाचा मूत्रपिंडावर ताण पडतो आणि तो अहवाल नसेल तर तपासणी लांबते. धमनीचा लहान भाग बंद असेल तर फुग्याने उघडता येते, आणि हे काम काही ठिकाणी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टही (पडद्यावर पाहत बारीक नळीने उपचार करणारे डॉक्टर) करतात. तेव्हा केवळ सर्जनच्या पाटीवर अडून राहू नका. लांब भाग बंद असेल तर बायपास. नाशिकचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय, मुंबईचे जे. जे. आणि के. ई. एम. ही सरकारी व महापालिकेची ठिकाणे विचारात ठेवा. तिथे रांग असते. पाय अचानक पांढरा, थंड आणि बधिर झाला, तर मात्र हे सगळे बाजूला ठेवून १०८ ला फोन करा आणि जवळचे वैद्यकीय महाविद्यालय गाठा. त्या स्थितीत हातात साधारण सहा तास असतात आणि त्यातले चार प्रवासातच जाऊ शकतात. तातडीच्या रुग्णासाठी योजनेची मंजुरी फोनवरही घेता येते, कागद मागाहून देता येतात.

अमळनेरची_सून
माझ्या सासऱ्यांचे याच आजाराचे ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी योजनेतून झाले. मंजुरी आल्यावर ‘स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) चांगल्या कंपनीचा हवा असेल तर वरचे पैसे भरा’ असे आम्हाला सांगण्यात आले. ‘पावती द्या, मग भरतो’ असे मी म्हटले आणि तक्रारीसाठी आरोग्यमित्राकडे गेले. त्यानंतर तो विषय पुन्हा निघाला नाही. पॅकेजमध्ये औषधे, तपासण्या, रुग्णाचे जेवण आणि घरी परतण्याचे एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडेही धरलेले असते. शेवटचे आम्ही मागितले तेव्हाच मिळाले. खरा खर्च होतो तो सोबतच्या माणसाच्या राहण्या-जेवणाचा आणि नंतरच्या ड्रेसिंगचा. सासऱ्यांचे ड्रेसिंग आम्ही तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तीन महिने केले. म्हणून सुट्टी देताना जखमेचे ड्रेसिंग कशाने आणि किती दिवसांनी करायचे, हे कागदावर लिहून घ्या.

चोपडेकर
सर्वांचे आभार. काल हेल्पलाइनवरून तीन रुग्णालये मिळाली. त्यांपैकी नाशिकच्या एका ठिकाणी सर्जन मंगळवारी व शुक्रवारी असतात आणि ही शस्त्रक्रिया योजनेतून होते, असे तिथल्या आरोग्यमित्रांनी स्पष्ट सांगितले. क्रिएटिनिन १.३ आले आहे. शिधापत्रिकेवर आप्पांच्या वडिलांचे नाव चुकीचे निघाले. त्यासाठी आज तहसील कचेरीत अर्ज दिला. सोमवारी रात्रीच्या गाडीने निघतो आहोत.