मदत हवी आहे: १३ वर्षांची मुलगी, ताकायासूचा (मोठ्या धमन्यांना सूज येऊन त्या अरुंद होण्याचा आजार) संशय

सिंधुदुर्गातली मुलगी. बारीक ताप, वजन उतरतंय. बीपी उजव्या हाताला १५२/९६, डाव्याला ११०/७०. डावी नाडी जेमतेम लागते, हासळीच्या वर ब्रुई (अरुंद धमनीतला रक्ताचा आवाज), ईएसआर (सूज दाखवणारी रक्ततपासणी) ८४, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) नॉर्मल. बीपीचा कफ (गुंडाळायचा पट्टा) दंडाच्या घेराच्या ४० टक्के रुंदीचा घेऊन चारही हातापायांचं मोजलंय. मोठ्यांचा कफ बीपी कमी दाखवतो आणि आजार तिथेच निसटतो. लहान मुलांत कृपया एकाच हातावर थांबू नका.

मुलांतल्या ताकायासूच्या निदानाच्या २००८ च्या अंकारा निकषांत अँजिओग्राफीतला (धमन्यांच्या चित्रणातला) दोष अनिवार्य, सोबत पाचांपैकी (क्षीण नाडी, हातापायांच्या बीपीत फरक, ब्रुई, वाढलेलं बीपी, वाढलेला ईएसआर) एक पुरे. इथे पाचही आहेत, अँजिओग्राफीच बाकी.

बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे. बीपीचंच दुसरं औषध एनालाप्रिल मुद्दाम टाळलंय, दोन्ही किडन्यांच्या धमन्या अरुंद निघाल्या तर क्रिएटिनिन चढेल.

अडचण अशी: स्टेरॉइड आधी दिलं तर धमनीच्या भिंतीची सूज ओसरते, मग एमआर स्कॅनमध्ये ती नीट दिसत नाही. गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात किंवा कोल्हापूरला लगेच सीटी अँजिओ करावी, की थेट मुंबईला वाडिया बालरुग्णालयात पाठवावं? शिवाय मॉन्टू (टीबीची त्वचाचाचणी) १४ मिमी, छातीचा एक्स-रे साफ. रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाने प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा असर घटतो, मग टीबी प्रतिबंधाला नुसतं आयएनएच (आयसोनियाझिड) देता का?