हळद, पालेभाजी खरंच आपल्या डीएनएला वाचवते का? (नागपूरकरांच्या ऑनलाइन चर्चेतला धागा)

महालातली मास्तरीण:
अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. परवा उत्परिवर्तनाचा, म्हणजे डीएनएमध्ये होणाऱ्या बदलांचा, धडा चालू असताना एका मुलीनं विचारलं, "मॅडम, डीएनएला रोज इजा होते म्हणता, मग आपण जिवंत कसे राहतो?" प्रश्न रास्तच होता. आपल्या एकेका पेशीत दिवसाला हजारो ठिकाणी डीएनए बिघडतो आणि पेशी तो दुरुस्तही करत राहते. ही दुरुस्ती कशी चालते हे उलगडल्याबद्दल २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल लिंडाल, मॉड्रिच आणि संजार यांना मिळालं.

माझं मत असं, की आपलं रोजचं जेवण यात पेशीच्या बाजूनं उभं राहतं, आणि हे घरोघरी ठासून सांगायला हवं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या अभ्यासात १६ धूम्रपान करणाऱ्यांना रोज दीड ग्रॅम हळद महिनाभर दिली होती. १९९२ साली त्याचे निष्कर्ष आले. त्यांच्या लघवीतून पडणारी, जनुकं बिघडवणारी द्रव्यं चांगलीच घटली. दीड ग्रॅम म्हणजे चहाचा अर्धा चमचा!

दुसरं उदाहरण चीनमधल्या चिदोंगचं. तिथे बुरशी लागलेल्या धान्यातून अफ्लाटॉक्सिन पोटात जातं आणि यकृतातल्या डीएनएला चिकटतं. १८० जणांपैकी निम्म्यांना चार महिने, दिवसातून तीनदा, क्लोरोफिलिन दिलं. पानांतल्या हिरव्या रंगद्रव्यापासूनच ते करतात. ते विषाला आतड्यातच धरून ठेवतं असं मानतात. डीएनएला विष चिकटल्याची लघवीतली खूण त्यांच्यात ५५ टक्क्यांनी कमी भरली. आपल्या घरात आंबाडी, पालक, सांभार (कोथिंबीर) काय कमी येतो का?

सक्करदऱ्याचा दातांचा डॉक्टर:
ताई, तुमची तळमळ कळते, पण "ठासून सांगा" याला माझा ठाम विरोध आहे. कारण मी रोज काय बघतो ते सांगतो. गेल्या महिन्यात सव्वीस वर्षांचा मुलगा आला. तोंड उघड म्हटलं, तर जेमतेम दीड बोट आत गेलं. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जातात. गालाची आतली कातडी पांढरी पडून दोरीसारखी ताठ झालेली. दिवसाला सहा-सात खर्रे, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण. आणि तो मला म्हणतो, "डॉक्टर, मी रात्री हळदीचं दूध घेतो ना!"

खर्र्यातली सुपारी ही वनस्पतीच आहे, तंबाखूही वनस्पतीच. दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करतात हे सिद्ध झालेल्या यादीत आहेत. "झाडाचं म्हणजे चांगलं" हे समीकरणच चुकीचं.

आता पुराव्याचं. यातला बराचसा पुरावा ब्रूस एम्स यांच्या चाचणीतून येतो. हिस्टिडीन हे अमिनो आम्ल नसेल तर न वाढणारे साल्मोनेला जिवाणू तबकडीत घ्यायचे, जनुकं बिघडवणारं रसायन घालायचं, किती जिवाणू बदलून वाढू लागले ते मोजायचं. वनस्पतीचा अर्क घातला की अशा बदललेल्या जिवाणूंच्या वसाहती घटतात. उत्तम चाचणी आहे. पण तबकडीला आतडं नसतं. तुमच्या हळदीतलं कुरकुमिन आतड्यातून रक्तात जेमतेम शोषलं जातं.

आणि माणसांवरची मोठी चाचणी हवी असेल तर फिनलंडची घ्या. २९ हजारांवर धूम्रपान करणारे पुरुष. गाजरातलं बीटा कॅरोटिन गोळीतून रोज २० मिलिग्रॅम. १९९४ मध्ये निकाल आला, तर गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ मध्ये मधेच थांबवावी लागली.

इतवारीतला मसालेवाला:
राजेहो, डॉक्टरसाहेब खर्र्याबद्दल बोलले ते सोळा आणे खरं. माझ्या सख्ख्या चुलतभावाचा जबडा काढावा लागला.
पण हळदीला गोळीच्या पंगतीत बसवू नका. गोळीत एकच द्रव्य असतं. आमच्याकडे वायगावची हळद येते, वर्धा जिल्ह्यातली, भौगोलिक मानांकनवाली. तिच्यात कुरकुमिन जास्त म्हणून बाहेरचे व्यापारी तपासणीचा कागद मागतात. घरात मात्र ती तेलात पडते, मिऱ्यासोबत, लसणासोबत, वाटणात शिजते. ते वेगळंच प्रकरण आहे.
एक मात्र बघा. फार पिवळी, चकचकीत हळकुंडं घेऊ नका. त्यांना रंगासाठी शिशाचं क्रोमेट चोळलेलं असू शकतं. लहान लेकरांच्या मेंदूला शिसं फार वाईट. मातकट दिसणारी घ्या आणि डोळ्यांसमोर गिरणीतून दळून आणा.

महालातली मास्तरीण:
दादा, मिऱ्याचं तुम्ही नेमकं पकडलं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं, की मिऱ्यातलं पिपेरिन सोबत दिलं तर माणसाच्या रक्तात कुरकुमिन वीसपट पोचतं.

डॉक्टर, त्या मुलाची गोष्ट वाचून मी थांबले. "ठासून सांगा" हे माझे शब्द मी मागे घेते. पण फिनलंडची चाचणी गोळीची होती, गाजराची नव्हे, हे तुम्हीही मान्य कराल. फोलेट या ब जीवनसत्त्वाचं बघा. ते कमी पडलं की डीएनएमध्ये थायमिन या घटकाच्या जागी युरॅसिल हा चुकीचा घटक बसतो आणि गुणसूत्रं तुटतात, हे माणसांत तपासलेलं आहे. फोलेट हरभऱ्याच्या डाळीत आहे, पालकात आहे. भाजी तासभर उकळून पाणी फेकलं, की तेही गेलं. माझ्या सासूबाई आंबाडी उकडून पाणी फेकतात, आंबटपणा कमी व्हावा म्हणून, आणि मी काही बोलत नाही. पण पालकाचं पाणी मी वरणात घालते.

सक्करदऱ्याचा दातांचा डॉक्टर:
फोलेटबद्दल पूर्ण सहमत. चीनमधल्या प्रयोगाबद्दल मात्र एक. विष आत जाणं थांबवणं आधी, मग त्याला धरून ठेवणारं औषध. पावसाळ्यात ओल लागलेले, कुबट वास येणारे शेंगदाणे निवडून चटणीत घालू नका. अख्खी पुडी फेका. भाजल्यानं अफ्लाटॉक्सिन पूर्ण जात नाही. खर्र्याचंही तसंच. सात खर्रे आणि एक ग्लास हळदीचं दूध, ही वजाबाकी शरीर करत नाही.

नंदनवनची पूर्वा:
मी हा धागा फार भीत भीत वाचतेय. बाबांची केमो चालू आहे. नातेवाइकांनी कुरकुमिनच्या गोळ्या आणून दिल्यात, दिवसाला चार. बाबांचा त्यावर खूप विश्वास बसलाय. बंद करू का?

महालातली मास्तरीण:
पूर्वा, याचं उत्तर माझ्याकडे नाही. डॉक्टर सांगतील ते ऐक. वरणाभाजीतली हळद चालू दे, बाळा.

सक्करदऱ्याचा दातांचा डॉक्टर:
पूर्वा, मी कॅन्सरतज्ज्ञ नाही, पण एवढं नक्की सांगतो. गोळ्या लपवू नका. डबी घेऊन उद्याच बाबांच्या डॉक्टरांकडे जा आणि केमोच्या कागदासोबत टेबलावर ठेवा. मोठ्या डोसच्या अशा गोळ्या केमोच्या औषधांत ढवळाढवळ करू शकतात, आणि हळदीच्या गोळ्यांनी यकृताला सूज आल्याची प्रकरणं इटलीत २०१९ मध्ये नोंदली गेली आहेत. ते सांगेपर्यंत गोळी देऊ नका. बाबांना म्हणा, डॉक्टरांना विचारून मग घेऊ. नातेवाइकांना काय सांगायचं ते डॉक्टरांवर सोडा.

नंदनवनची पूर्वा:
उद्या अकरा वाजता जातेय. डबी पर्समध्ये ठेवली आत्ताच.