मदत हवी आहे: शेजारच्या प्लॉटवर मुरमाची भर पडली, आता आमचं पाणी कुठून काढायचं? (सोलापूर)

नमस्कार मंडळी. विजापूर रस्त्याला हद्दवाढ भागात आमचा एन.ए. (बिगरशेती) प्लॉट आहे, दिवाळीनंतर बांधकाम काढायचंय. वरच्या अंगाला एका काका-काकूंचं जुनं घर, मध्ये आम्ही, खाली शेजारी आणि त्यांच्या पलीकडं ओढा. आजवर सगळं पाणी ढाळानं ओढ्याला जायचं. यंदा शेजाऱ्यांनी कमरेएवढा मुरूम टाकून प्लॉट उचलला. पहिल्याच मोठ्या पावसात आमच्याकडं तळं साचलं, ते आठवडाभर हललं नाही. जमीन काळी, पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा जागेत पाया कसा घ्यायचा?

ठेकेदार म्हणतो, "तुम्हीपण भर टाका, विषय संपला." पण मग तळं काकांच्या अंगणात जाणार. तसं घर आम्हाला बांधायचं नाही.

राज्याची एकत्रित नियमावली (युडीसीपीआर) वाचली. 2020 च्या डिसेंबरपासून मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर सगळीकडं तीच, म्हणजे पुणे आणि सोलापूर कागदावर सारखेच. जोतं भोवतालच्या जमिनीपासून किमान 30 सें.मी. वर हवं, निचरा व्हायला हवा, असं त्यात आहे. पण भोवतालची जमीन कुठली धरायची, भरीआधीची की नंतरची? सगळा घोळ इथंच आहे. मावसभाऊ अमेरिकेत असतो. तिथल्या निवासी घरांच्या आदर्श संहितेत पायाच्या भिंतीपासून पहिल्या 10 फुटांत जमीन 6 इंच उतरलीच पाहिजे, जागा नसेल तर चर किंवा नाली काढायची. बऱ्याच शहरांत मोठी भर टाकायलासुद्धा आधी परवाना लागतो म्हणे. आमच्या मार्जिनमध्ये (घराभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत) 10 फूट मिळणार नाहीत, पण विचार पटला.

पर्जन्यजल संधारणाची सक्ती 500 चौ.मी.पासून, आमचा प्लॉट लहान. शोषखड्डा करू, पण काळ्या मातीतून पाणी खाली मुरत नाही, मुरूम लागेपर्यंत खोदावं लागेल.

महापालिकेत नकाशा देताना कुणी जमिनीच्या मूळ लेव्हल दाखवल्यात का? आणि भरीची तक्रार कुणाकडं करायची, बांधकाम परवाना विभागाकडं की झोन कार्यालयात?

प्रतिसाद

दादा, आधी सर्व्हेअरकडून लेव्हल काढून घ्या, रस्त्यावरची एखादी पक्की खूण धरून. तुमच्या आणि काकांच्या प्लॉटवर मूळ जमीन अजून शिल्लक आहे, तिचा ढाळ हाच तुमचा पुरावा. तुम्ही खणायच्या आत हे करा. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याच्या (इझमेंट ॲक्ट, म्हणजे शेजारच्या जमिनीबाबतच्या हक्कांचा कायदा) कलम 7 मध्ये हेच उदाहरण आहे: वरच्या जमिनीचं नैसर्गिक पाणी खालच्यानं वाहू दिलं पाहिजे. तेच तुम्हालाही काकांच्या बाबतीत लागू. मामलेदार कोर्टाचा 1906 चा कायदा शेतजमिनीच्या नुकसानीसाठी, एन.ए. प्लॉटला तो धरून उपयोग नाही. दिवाणी दावा मात्र शेवटी. त्याआधी शेजाऱ्यांच्या मार्जिनमधून ओढ्यापर्यंत पाइप टाकायचं बोला आणि ठरलं तर करार नोंदवून घ्या. नुसत्या तोंडी शब्दावर राहू नका, उद्या प्लॉट विकला गेला तर नवा मालक ओळखणार नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. लेव्हलचं काम याच आठवड्यात लावतो, काकांनाही शेजाऱ्यांशी बोलायला सोबत घेतो. पाइप दोन्ही प्लॉटचं पाणी घेईल एवढा हवा. त्याचा व्यास कसा काढतात, कुणी सांगेल का?