श्रद्धा खरी, पण ओळी?
भाऊ, 'ख्रिस्ती मेटल (येशूचा संदेश देणारं दणदणीत हेवी मेटल रॉक) म्हणजे गिटार लावून केलेलं प्रवचन' हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं. अमेरिकन बँड स्ट्रायपरचं घ्या. नाव बायबलातल्या यशया 53:5 मधल्या फटक्यांवरून (इंग्रजीत 'स्ट्राइप्स', म्हणजे पट्टेसुद्धा), अंगावर पिवळे-काळे पट्टे, गाता गाता प्रेक्षकांत भिरकावलेले नवे करार. त्यांचा 1986 चा अल्बम 'टू हेल विथ द डेव्हिल' आवाजात जबरदस्त, पण शब्द? बहुतेक घोषणाच. उलट लोक ज्यांना सैतानाचे भक्त म्हणायचे, त्या ब्रिटिश बँड ब्लॅक सॅबथच्या 'आफ्टर फॉरेव्हर' गाण्यात (1971) ते शब्द लिहिणारा, कॅथलिक घरात वाढलेला गीझर बटलर सरळ विचारतो, बाबा रे, आपल्या आत्म्याचा कधी विचार केलास का? प्रश्न आहे, म्हणून टोचतो.

आमच्या नागपूरच्या सदर भागातल्या घरी मी कानात हे कोंबून बसायचो आणि शेजारी आजी संत्री सोलत कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं गुणगुणायची. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग सोडला नाही. तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्तापाशी आलो म्हणायचे. ख्रिस्ताला आई म्हणणारा तो सलगीचा सूर मेटलमध्ये मला तरी सापडला नाही. शिकागोच्या ट्रबल या बँडचा अल्बम 'द स्कल' (1985) थोडा जवळ जातो, पण तिथे सलगीपेक्षा धास्तीच जास्त. ऐकलाय का तुम्ही?