खजिना शोधायच्या गेममध्ये मजा नक्की येते कशात?

माहुलीकर (सातारा)
थेट बोलतो, शिव्या घालायच्या त्यांनी नंतर घाला. खजिना शोधायचे जे मोठमोठे गेम आता येतात ना, त्यात खजिना आपण शोधतच नाय, आपल्याला हाताला धरून नेऊन दाखवतात. कड्यावर जिथं हात धरायचा तिथं आधीच पांढरा नायतर पिवळा रंग फासलेला. कोड्यापुढं जरा उभं राहिलं की सोबतचा गडी लगेच बोंबलतो, ते चाक फिरवून बघ की. आणि रिकाम्या खोलीत कमरेएवढ्या भिंती मांडून ठेवलेल्या दिसल्या की शेंबड्या पोराला पण कळतं, आता इथं गोळीबार.

मी सध्या परत पहिला टूम्ब रेडर खेळतोय, १९९६ चा, २०२४ ला त्याचं रीमास्टर, म्हणजे चित्र सुधारून काढलेली आवृत्ती, आली ती. सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं, लारा, म्हणजे त्यातली नायिका, उभ्यानं किती लांब उडी मारते, पळत येऊन किती मारते हे पक्कं ठरलेलं. मग कडेला जाऊन उभं राहायचं, एक उडी मागं घ्यायची म्हणजे पळायला बरोब्बर जागा मिळते, आणि मग झेप. नवीन खोलीत शिरलं की आधी नुसतं बघत बसायचं, वर दरवाजा दिसतोय पण तिथं जायचं कुठनं. बाण नाही, मार्कर नाही, कोण बोलत नाही. आणि शेवटी पोचल्यावर जे वाटतं ना ते कुठल्याच कटसीनमध्ये, म्हणजे मधेमधे दाखवतात त्या फिल्ममध्ये, नाय. माझ्या मते सगळी मजा तिथंच आहे, जागा समजून घेण्यात. खजिना मिळाला काय नि नाय काय.

भडंग_स्पेशल (सांगली)
आलं, जुनं ते सोनं वालं आलं!

ओ माहुलीकर, तुमच्या त्या पहिल्या लाराला वळवायचं म्हणजे उसाची ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर रिव्हर्स घेतल्यासारखं आहे. अर्धा वेळ खड्ड्यात पडायचं आणि परत सेव्हवरनं चालू. ह्याला जागा समजून घेणं म्हणत नाहीत, सहनशक्ती म्हणतात.

मी रात्री कामावरनं घरी येणार, जेवणार, पोरं झोपल्यावर तासभर मिळाला तर मिळाला. त्या तासात मला भिंतीकडं बघत बसायचं नाहीये. अनचार्टेड टू घ्या, २००९ चा. सुरुवातच कुठनं, तर हिरो नेथन ड्रेक जखमी, चौफेर बर्फ, ट्रेनचा डबा कड्यावरनं लोंबकळायलाय आणि त्यातनं वर चढायचं. आणि पुढं ती अख्खी ट्रेनची लेव्हल, जंगलातनं निघती आणि बर्फाच्या डोंगरात जाती, गाडी खरंच पुढं सरकत असती, मागं नुसतं चित्र फिरवलेलं नाय, त्याच डब्यांवरनं आपण पळायचं, मागं हेलिकॉप्टर लागलेलं, वळण आलं की नेम गेलाच. नाद खुळा. त्यात कोडं एक पण नसलं तरी मला चाललं असतं.

आणि रंगाचं म्हणाल तर ग्राफिक्स आता इतकं बारीक झालंय की कुठला दगड धरायचा आणि कुठला नुसता शोभेचा हे रंगाशिवाय कळणार कसं? तुमच्या ठोकळ्यात बघायला होतंच काय म्हणून चुकाल.

माहुलीकर (सातारा)
रंगाचं उत्तर आहे की. शॅडो ऑफ द टूम्ब रेडर, २०१८. त्यात मारामारी, भटकंती आणि कोडी ह्या तिघांची अवघडपणाची सेटिंग वेगवेगळी दिलीय. मारामारी सोप्यावर ठेवा, भटकंती अवघडवर टाका, रंग गायब, शत्रू मात्र दोन गोळ्यात आडवा. म्हणजे करता येतं, बाकीच्यांना करायचं नसतं एवढंच.

भडंग_स्पेशल (सांगली)
आणि ते सेटिंग उघडून बघितलं किती जणांनी? गेम गडबडीत चालू करायचा असतो ओ, फॉर्म भरायचा नसतो.

यवतेश्वरची_वाट (सातारा)
दोघांनी दोन टोकं धरलीत आणि मधलं सगळं सोडून दिलंय. मी अनचार्टेड द लॉस्ट लेगसीचं नाव घेते, २०१७ चा. नेथन ड्रेक नाहीच त्यात, क्लोई आणि नदीन ह्या दोघीजणी, आणि गोष्ट आपल्या पश्चिम घाटात. गणपतीचा तुटलेला दात शोधायचा, परशुरामाच्या परशूनं तुटला ती गोष्ट पण येते त्यात.

त्यातला एक मोठा भाग असा आहे की जीप देतात आणि सोडून देतात. आधी बुरुजावर चढून आजूबाजूला बघायचं, क्लोई कागदी नकाशावर खुणा करते, मग तीन ठिकाणं तुम्ही कुठल्याही क्रमानं करा. लाल माती, चिखलात घसरणारी चाकं, मधेच धबधबा दिसला म्हणून गाडी लावली तर मागं एक बारकं कोडं सापडतं जे केलं नाही तरी गोष्ट अडत नाही. अशी सगळी बारकी कोडी सोडवली की एक ब्रेसलेट मिळतं आणि ते घातलं की जवळपास काही लपवलेलं असलं तर कंट्रोलर हातात थरथरतो. मी तर मूळ काम सोडून झाडाझुडपातच फिरत बसले. हल्लीच्या ओपन वर्ल्ड, म्हणजे कुठंही फिरा वाल्या, गेमसारखा नकाशाभर पुरळ उठल्यागत आयकॉनचा कचरा नाही. जागा छोटी पण भटकायची मुभा पूर्ण, मला तरी हे प्रमाण बरोबर वाटतं. दोघी आधी एकमेकींवर विश्वास ठेवत नाहीत आणि मग हळूहळू जुळतं, ते पण ह्या निवांत फिरण्यामुळंच पटतं, गोळीबारामुळं नाही.

शिलालेख_वेडा (मिरज)
ताई, गेम मला पण आवडला पण होयसळांच्या, म्हणजे कर्नाटकातल्या जुन्या राजघराण्याच्या, नावानं काय पण दाखवलंय त्यात. डोंगराएवढ्या मूर्ती, दरीभर पसरलेलं नगर. बेलूर-हळेबीडला जाऊन आलेल्या माणसाला विचारा. होयसळांचं काम मऊ दगडातलं, चांदणीसारख्या जोत्यावरचं, दागिन्याच्या घुंगरापर्यंत बारीक कोरलेलं. भव्यता उंचीत नाही, नजर जवळ नेण्यात आहे. तेच कोड्यात वापरलं असतं, म्हणजे शंभर मूर्तींच्या पट्ट्यात एकच वेगळी ओळखायची, तर विषय हार्ड झाला असता.

उलट अनचार्टेड फोरचा पाया बघा. तिथला खजिना हेन्री एव्हरी ह्या चाच्याचा, आणि तो काय मनानं रचलेला माणूस नाही. १६९५ ला त्यानं औरंगजेबाचं गंज-ए-सवाई जहाज खरंच लुटलं. बादशहा त्या वेळी इकडं दख्खनमध्येच मुक्काम ठोकून होता आणि पाच वर्षांनी, १७०० ला, त्यानं साताऱ्याचा अजिंक्यतारा घेऊन त्याला आझमतारा नाव दिलं. म्हणजे सातारकरांनो, तुमच्या गच्चीवरनं दिसतो त्या किल्ल्याला वेढा घालणाऱ्याचं लुटलेलं सोनं तुम्ही मादागास्करमध्ये शोधताय. हे कळल्यावर मी तो गेम दुसऱ्यांदा खेळलो आणि दुप्पट मजा आली. जहाजावर मक्केहून परतणारे यात्रेकरू होते, त्यांचे जे हाल झाले ते गेममध्ये फारसं येत नाही, ते खटकलं.

भडंग_स्पेशल (सांगली)
इतिहासाचं हे माहीतच नव्हतं, भारी. पण खरं सांगा, हे माहीत नसताना पहिल्यांदा खेळला तेव्हा पण आवडलाच होता ना? मग मजा इतिहासात कुठं होती?

शिलालेख_वेडा (मिरज)
आवडला होता, पण विसरला पण होता.

रात्रपाळी (इस्लामपूर)
ज्यावर कोण बोलतच नाही ते मी बोलतो. ड्रेक एवढा गोड माणूस, बायकोवर जीव, दोस्तावर जीव, सारखा जोक मारतो, आणि गेम संपेपर्यंत अख्ख्या गावाएवढी माणसं मारतो. बनवणाऱ्यांना पण हे माहितीय, फोरमध्ये एक हजार शत्रू मारल्यावर जी ट्रॉफी देतात तिचं नावच लूडोनॅरेटिव्ह डिसोनन्स ठेवलंय, म्हणजे गोष्ट एक सांगते आणि खेळ दुसरंच करायला लावतो ह्यावर टीकाकार जो शब्द वापरायचे तोच. चेष्टा चांगली आहे पण चेष्टा केली म्हणून पुढची गोळीबाराची खोली चुकत नाही ना.

२०२४ च्या डिसेंबरात आलेला इंडियाना जोन्सचा ग्रेट सर्कल खेळून बघा. पिस्तूल आहे पण काढायची वेळ क्वचित. वेश बदलून आत शिरा, हाताला लागेल ती वस्तू घेऊन टाळकं सडका, चाबूक मारा, नायतर गुपचूप मागनं निघून जा. आणि माहुलीकर, तुमच्या तक्रारीचं औषध पण त्यात आहे. हिंट पाहिजे असली तर कॅमेऱ्यानं कोड्याचा फोटो काढायचा, नको असली तर काढू नका. बोंबलणारा गडी नाही. व्हॅटिकनमध्ये तर मी चिठ्ठ्या वाचत, कुलपांचे आकडे जुळवत फिरत बसलोय, कोण मला घाई करत नव्हतं.

भडंग_स्पेशल (सांगली)
खेळलोय. फर्स्ट पर्सन आहे तो, स्वतःचा गडीच दिसत नाही चढायला लागेपर्यंत. कड्यावरनं लोंबकळणारं माणूस दिसलं पाहिजे, त्याशिवाय पोटात गोळा येत नाही. आणि गोळीबाराला एवढं नावं ठेवू नका, सलग चढणं आणि चाकं फिरवणं असलं तर झोप लागंल. मधी धडाका पाहिजे म्हणजे पुढच्या शांततेला किंमत येती. संख्या कमी करा, एवढं मान्य.

माहुलीकर (सातारा)
संख्या कमी करा हे तू म्हणालास, नोंद घेतलीय.

मला एक सुचतंय. लिंबची बारा मोटेची विहीर बघितलीय का कोणी? शाहू महाराजांच्या काळात विरूबाई भोसल्यांनी बांधलेली. जिन्यानं खाली उतरत गेलं की विहिरीतच महाल लागतो, खांबांवर कोरीवकाम, वर मोटांच्या जागा. कुठल्याही कंपनीनं पैसे देऊन काढून घ्यावी अशी लेव्हल आहे ती. पाणी किती चढलंय त्यावर वाट बदलायची, मोट ओढून पाणी उतरवायचं, बास, एक मार्कर लागणार नाही.

शिलालेख_वेडा (मिरज)
मग दुसरी लेव्हल आमच्या हरिपूरची. हळदीची पेवं. जमिनीखाली पोकळी, वर अरुंद तोंड. २००५ च्या पुरात बरीच गेली, पण गेममध्ये उभी करता येतील. पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं, आतली हवा घातक असते, थांबायला लागतं. आधी दिवा सोडून बघायचा, विझला तर उतरायचं नाही. हेच कोडं.

यवतेश्वरची_वाट (सातारा)
विहीर, पेव सगळं मस्त, पण आपल्याकडं खजिन्यावर गेम करायचा तर जपून. इथं गुप्तधन म्हटलं की पायाळू माणूस, भानामती, बळी हे सगळं मागोमाग येतं. दाभोलकर साताऱ्याचेच, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठीचे अघोरी प्रकार आहेतच. गेममध्ये मांत्रिकाला हिरो केलं तर मी पहिली नावं ठेवणार. व्हिलन करा, चालेल.

रात्रपाळी (इस्लामपूर)
आणि शेवटच्या सीनला खजिना सापडला की हिरो थेट कलेक्टर कचेरीत. चेष्टा नाही, १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांच्या वरचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायला लागतं. नेथन ड्रेक आपल्याकडं पहिल्याच चॅप्टरला आत.

भडंग_स्पेशल (सांगली)
कलेक्टर कचेरीची लेव्हल स्किप करायचं बटण ठेवा रे बाबांनो. बाकी मी घेतो हा गेम, अट एकच, विहिरीतनं बाहेर पडताना मागं सगळं धडाधड कोसळलं पाहिजे आणि मी शेवटच्या पायरीला लोंबकळलो पाहिजे.

माहुलीकर (सातारा)
तीनशे वर्षं उभी आहे ती, तुझ्या उडीनं कोसळायची नाय. पाणी चढव पाहिजे तर.