'नॅशव्हिल'चा शेवट: त्या गर्दीला दोष द्यायचा की दाद?

वाटसरू:
रॉबर्ट ऑल्टमनचा 'नॅशव्हिल' हा अमेरिकी सिनेमा (१९७५) परवा तिसऱ्यांदा पाहिला. चोवीस पात्रं, कंट्री संगीताचं माहेरघर असलेलं टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल शहर, आणि गावभर फिरणारी हॅल फिलिप वॉकरची प्रचारगाडी. राष्ट्राध्यक्षपदाचा हा उमेदवार शेवटपर्यंत दिसत नाही, फक्त भोंग्यातून ऐकू येतो: वकिलांना काँग्रेसमधून (अमेरिकी संसदेतून) हाकला, चर्चवर कर लावा, राष्ट्रगीत बदला.

शेवटी त्याच्याच सभेत, भल्यामोठ्या झेंड्यापुढे, लाडक्या गायिकेला, बार्बरा जीनला, गोळी लागते. तिला उचलून नेतात न नेतात तोच माईक दुसरीच्या हाती जातो आणि अख्खी गर्दी 'इट डोन्ट वरी मी' गायला लागते. तुम्ही म्हणाल मी स्वतंत्र नाही, पण मला त्याची फिकीर नाही, असे त्याचे शब्द. माझ्या मते ऑल्टमन इथे लोकांनाच जाब विचारतोय. ज्यांना अशा वेळी हे गाता येतं, त्यांना भोंग्यातला कुणीही चालतो.

सूरपेटी:
साफ असहमत! मंचावरच्या बड्या गायकाचा, हॅवन हॅमिल्टनचा दंड रक्ताळलाय, तरी तो ओरडतो, हे डॅलस नाही, गा कुणीतरी. डॅलसला राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली त्याला जेमतेम बारा वर्षं झालेली. राष्ट्राध्यक्ष निक्सनचा राजीनामा तर चित्रीकरणाच्याच उन्हाळ्यातला, १९७४चा. इतकं पचवलेली माणसं त्या क्षणी पळत सुटली असती तर चेंगराचेंगरी झाली असती. गाण्याने त्यांना धरून ठेवलं.

आणि गाते कोण? अल्बुकर्की. गायला मिळावं म्हणून सिनेमाभर वणवण केलेली, फाटक्या स्टॉकिंग्जमधली बाई. आधी आवाज चाचपडतो, मग मागचा गॉस्पेल कॉयर (चर्चची भक्तिगीतं गाणारा गट) तिला उचलून धरतो. माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.

ओसरी:
वाटसरूंशी निम्मी सहमत. बरीचशी गाणी नटांनी स्वतः लिहिली (कीथ कॅरडीनला तर 'आय्‌म ईझी'साठी ऑस्कर मिळालं), आणि नॅशव्हिलच्या अनेक कलावंतांना सिनेमा झोंबला. आपल्या गाण्याची टवाळी केली असं त्यांना वाटलं. मलाही तो तुच्छतेचा सूर जाणवतो.

वाटसरू:
तुच्छता असती तर गायिका व्हायची स्वप्नं बघणाऱ्या सूलीनचा प्रसंग तसा घेतलाच नसता. निधी गोळा करायच्या मेजवानीत पुरुष तिला कपडे उतरवायला लावतात. बार्बरा जीनसोबत गायला मिळेल या एका आशेवर ती तयार होते. चोळीत कोंबलेले मोजे काढून भिरकावते, तिथे कॅमेरा तिची खिल्ली उडवत नाही, आपल्यालाच मान खाली घालायला लावतो. आणि सभेत तिला गायला मिळतं का? नाही. सूरपेटी, तुमच्या त्या गाण्याने सूलीनला काय दिलं?

सूरपेटी:
सूलीनचं मान्य, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. पण कॅमेरा शेवटी गर्दीतल्या लहान मुलांवर जातो. ती पण गाताहेत. त्यांना कसला जाब विचारणार?

वाटसरू:
मुलांना नाही. त्यांना हाताला धरून त्या सभेला आणलेल्यांना.